डिझेल भरताना दर दोन लिटरला नोझल कट होतंय – टाकी बदलायची की नळी?

सह्यवाट (सोमवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ची डिझेल फोर बाय फोर आहे, टाकी ५५ लिटरची. गेले दोन महिने पंपावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. नोझल आत घातलं, लिव्हर दाबलं की जेमतेम दोन लिटर जातं आणि खट्, कट. पुन्हा दाबलं की लिटरभर, पुन्हा कट. काल पाथर्डी फाट्याकडे ३० लिटर घ्यायला पंधरा मिनिटं लागली. मागे रिक्षा आणि छोटे टेम्पो खोळंबलेले. पंपावरचा मुलगा भला, शेवटी लिव्हर अर्धवट दाबून धार बारीक सोडत उभा राहिला. एकदा तर डिझेल उलटं उसळून त्याच्या बुटांवर आणि माझ्या हातावर आलं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. गाडीखाली न शिरताच "टाकी आतून गेली असणार, नवीन टाकून घ्या" असं सांगितलं. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी घरी आलो.

मी पावसाळ्यात हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूला वरचेवर जातो. तिकडे आत शिरलं की पंप फार लांब लांब आहेत, त्यामुळे नाशिकमधूनच टाकी फुल करून निघावं लागतं. म्हणून हे मार्गी लावायचंच आहे. गाडी चालताना काही त्रास नाही, पिकअप आहे तसा आहे. कुठून सुरुवात करू?

त्र्यंबक रोड (सोमवार, रात्री १०.५०)

नोझल उलटं धरून बघितलंत का? म्हणजे हँडल खाली न ठेवता आडवं किंवा वर करून. माझ्या जुन्या गाडीत नळीचा बाक असा आहे की सरळ धरलं तर धार समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. आडवं धरलं की बिनबोभाट जातं. आणि नोझल पूर्ण आत न खुपसता दोन बोटं बाहेर ठेवून बघा.

पाना बारा-तेरा (सोमवार, रात्री ११.२०)

टाकीवर खर्च करायच्या आधी चार गोष्टी सांगा. झाकण उघडताना सुस्स असा आवाज येतो का? एकाच पंपावर होतं की सगळीकडे? टाकी रिकामी असतानाही होतं की अर्धी झाल्यावरच? आणि मुख्य म्हणजे हे सुरू व्हायच्या आधी सहा-आठ महिन्यांत गाडीखाली काही काम झालंय का? दगड लागला, नळी बदलली, टाकी उतरवली, काहीही.

सह्यवाट (मंगळवार, सकाळी ८.०५)

दादा, झाकण उघडताना आवाज येत नाही. नाशिकरोड, द्वारका, पाथर्डी, तिन्हीकडे तेच. टाकी रिकामी असली तरी होतं. त्र्यंबक रोड, तुम्ही म्हणता तसं नोझल आडवं धरून पाहिलं, दोनाच्या जागी तीन लिटर गेले एवढंच.

काम झालंय, आणि ते तुम्ही विचारलं तेव्हाच आठवलं. जुलैमध्ये हरसूलच्या पुढे कच्च्या रस्त्यावर कापलेल्या बांबूचा खुंट मागच्या उजव्या चाकाजवळ घुसला. तिथे टाकीकडे जाणाऱ्या दोन नळ्या आहेत, एक जाड आणि एक बारीक. बारीक फाटली, वळणावर डिझेलचा वास यायला लागला. गावातल्या एका मेकॅनिकने भर पावसात गाडीखाली झोपून त्याच्याकडचा नळीचा तुकडा जोडून दिला आणि पैसेही घेईना. त्याच्यामुळे आम्ही रात्री घरी पोचलो. नंतर मी ते पूर्ण विसरलो. आता जानेवारी.

लेथवाले काका (मंगळवार, दुपारी १.३०)

सह्यवाट, ती बारीक नळी म्हणजेच तुमचा प्रश्न. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टाक्या आणि पाइप वाकवण्यात गेली. जरा सविस्तर लिहितो, कारण विनाकारण टाक्या बदलणारे बरेच पाहिलेत.

टाकी रिकामी कधीच नसते. डिझेल नसेल तिथे हवा असते. पंप मिनिटाला साधारण ३५-४० लिटर सोडतो, म्हणजे दर सेकंदाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल आत येतं. तेवढीच हवा त्याच सेकंदात बाहेर पडायला हवी. जाड नळी डिझेलने भरलेली असते, तिच्यातून हवा उलटी येऊ शकत नाही. म्हणून टाकीच्या डोक्यावरून दुसरी बारीक नळी निघते आणि झाकणाच्या जरा खाली, तोंडाच्या पाइपात येऊन मिळते. हा ब्रीदर. तो बंद झाला की आतली हवा कोंडते, आत येणाऱ्या डिझेलला ढकलते आणि डिझेल तोंडाशी चढून येतं.

आता नोझल का कट होतं ते. नोझलच्या टोकाला आतल्या अंगाला एक छोटं भोक असतं, पंपावर गेलात की मुलाला विचारून बघा. डिझेल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जात असते. भोक डिझेलखाली बुडालं की हवा मिळत नाही, आतल्या पडद्यावर ओढ बसते आणि खटका सुटतो. त्यात विजेचा किंवा कॉम्प्युटरचा संबंध नाही. नोझलला टाकी भरली की नाही ते कळत नाही, आपलं नाक बुडालं एवढंच त्याला कळतं. तुमच्या गाडीत ते नाक दोन लिटरलाच बुडतंय.

रविवारी वेळ काढा. टाकी पाव भागावर येऊ द्या. दहा लिटरचा स्वच्छ कॅन आणि लांब नरसाळं घ्या, घरी मोकळ्या जागेत हळूहळू ओता. गुडगुड करत डिझेल वर फुगून आलं तर ब्रीदर नक्की. मग ब्रीदर टाकीच्या निपलवरून, म्हणजे नळी जिथे बसते त्या आखूड तोटीवरून, काढा आणि पुन्हा ओता. आता सरसर गेलं तर टाकी चांगली आहे, निपल मोकळा आहे, दोष नळीत आहे. तरीही गुडगुड केलं तर निपल किंवा टाकीच्या आत बघावं लागेल.

ही परीक्षा फक्त डिझेलच्या गाडीवर करायची. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. पेट्रोलवाल्यांनी नरसाळं आणि उघड्या नळ्यांचे प्रयोग घरी करू नयेत.

द्राक्षबाग (मंगळवार, संध्याकाळी ७.१०)

एवढं कशाला? झाकणाला बारीक ड्रिल मारा, हवा मोकळी होईल. आमच्या ट्रॅक्टरला तसंच केलंय. आणि पंपवाले तर मुद्दाम कट करतात, माप मारायला. मला तरी तसंच वाटतं.

लेथवाले काका (मंगळवार, रात्री ९.००)

भाऊ, भरताना झाकण तुमच्या हातात असतं. त्याला भोक पाडून भरण्यात काय फरक पडणार? आणि फोर बाय फोर तिरकी होते, चढावर-उतारावर आडवी लटकते. त्या भोकातून डिझेल रस्त्यावर सांडलं तर मागून येणारा दुचाकीवाला घसरून पडेल. पावसात त्याच भोकातून पाणी टाकीत जाईल. कृपा करून असं कुणी करू नका. ट्रॅक्टरचंही झाकण बदलून घ्या, महाग नसतं.

मापाची शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ते मागून तुमच्यासमोर भरून दाखवायला सांगायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. तो वापरा आणि शंका मिटवा. नोझल कट होणं हा त्याहून वेगळा विषय.

लाल माती (मंगळवार, रात्री १०.३५)

काका, पेट्रोलचा विषय काढलाच आहे तर माझा अनुभव सांगते, कारण लक्षण तेच होतं आणि कारण वेगळं निघालं.

माझी पेट्रोल फोर बाय फोर. मला सवय होती की नोझल कट झालं तरी "राउंड फिगर करा" म्हणून दोन-तीन वेळा अजून भरायला लावायचं. पेट्रोलच्या गाडीत वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या दाण्यांचा एक डबा असतो, कॅनिस्टर. टाकीतली वाफ त्यात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना ते ती ओढून जाळतं. मी काठोकाठ भरत गेले आणि वाफेच्या नळीतून नुसतं पेट्रोलच त्या डब्यात शिरलं. कोळसा भिजला. त्यावर अंजनेरीच्या वाटेवरची आणि घोटीकडची उन्हाळी धूळ. डब्याला बाहेरची हवा घ्यायला जी छोटी जाळी असते ती चॉकलेटी थराने बंद झाली होती. पंपावर दर तीन लिटरला कट, आणि भरून निघाल्यावर गाडी लगेच सुरू व्हायची नाही, दोन-तीन सेल्फ खायची.

कॅनिस्टर बदलला, जाळी साफ केली, तेव्हापासून पहिल्या कटला थांबते. पेट्रोलवाल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, पहिला कट म्हणजे भरली. पंपावर राउंड फिगरचा आग्रह धरू नका.

सह्यवाट, तुमच्या डिझेलमध्ये हा डबा नसतो, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. काका म्हणतात तेच करा.

त्र्यंबक रोड (बुधवार, सकाळी ७.४५)

आणखी एक. जुन्या गाड्यांत तोंडाच्या पाइपात जाळी असते. माझ्या भावाच्या गाडीत तिच्यावर चिखल आणि काडीकचरा बसून तोच त्रास व्हायचा. जाळी असेल तर काढून ब्रशने डिझेलमध्ये धुवा, पाणी लावू नका. आणि ती परत बसवायला विसरू नका, फेकून तर मुळीच देऊ नका.

पाना बारा-तेरा (बुधवार, सकाळी ९.१५)

रविवारी काम करणार असाल तर शनिवारीच गाडी खालून धुऊन घ्या, टाकीच्या वरच्या अंगाला पाणी लागेल असं. पावसाळ्यातली लाल माती तिथे विटेसारखी बसलेली असते. नळी उपटली की ती ढेकळं थेट उघड्या निपलमध्ये पडतात आणि पुढे फिल्टर, पंप, इंजेक्टरपर्यंत त्रास देतात. नळी काढल्या काढल्या निपलला स्वच्छ कापडाचा बोळा लावायचा. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, घोडी म्हणजे लोखंडी टेकू लावा. आणि मला फोटोपेक्षा वर्णन द्या, नळी हातात कशी लागते ते सांगा.

सह्यवाट (रविवार, दुपारी ४.४०)

झालं. सगळं सांगतो.

सकाळी आठला सुरुवात केली. आधी काकांची कॅनची परीक्षा. नरसाळ्यात लिटरभर ओतलं असेल नसेल, डिझेल थांबलं, वर फेस आला आणि आतून मडक्यात पाणी भरताना येतो तसा आवाज. मग मागचं चाक काढून त्यामागचं चिखल अडवणारं प्लास्टिक सोडवलं. शनिवारी धुऊनही टाकी आणि चेसिसच्या मध्ये मातीचा थर होताच, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर पापुद्रे निघाले. पाना दादा, तुमचं ऐकलं ते फार बरं झालं.

ब्रीदर दिसला. जुलैमध्ये जोडलेला तुकडा मूळ नळीपेक्षा लांब होता, त्यामुळे मध्ये झोळीसारखा खाली लोंबत होता. क्लिपा सोडवून टाकीकडचं टोक काढलं तर त्या झोळीतून पेलाभर डिझेल बाहेर आलं. म्हणजे हवेच्या वाटेत डिझेलचं डबकं. बोळा न लावता आधी पुन्हा कॅनने ओतलं, माझी बायको नरसाळं धरून होती. पाच लिटर एका दमात गेले आणि निपलमधून हवेचा झोत माझ्या मनगटावर लागला. तो झोत लागल्यावर कळलं, टाकीला काहीही झालेलं नाही.

आता नळी. बाहेरून अगदी चांगली, काळी, कुठे भेग नाही. दाबून पाहिली तर रबर लोण्यासारखं मऊ, बोट उचलल्यावरही खड्डा तसाच राहत होता. तोंडाने फुंकर मारायचा मोह झाला, पण डिझेल तोंडात जायला नको म्हणून सायकलचा पंप लावला. हवा जाईना. मग ब्लेडने मधून कापली. आतलं भोक माझ्या करंगळीएवढं असायला हवं होतं, तिथे भिजून फुगलेलं रबर दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांना टेकलं होतं. एका जागी आतला पापुद्रा सुटून पडद्यासारखा लोंबत होता. नखाने ओरबाडलं तर काळा चिकट लगदा निघाला. हात धुवायला अर्धा तास गेला.

नळीवर बारीक अक्षरात "हीटर होज" असं छापलेलं आहे.

लेथवाले काका (रविवार, संध्याकाळी ६.२०)

शाब्बास. नळी कापून पाहिलीत हे सगळ्यात चांगलं केलंत.

हीटर आणि रेडिएटरच्या नळ्या बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात. गरम पाणी, कुलंट, ऊन, यांना ते रबर उत्तम. पण डिझेल, पेट्रोल, तेल लागलं की ते शोषून घेतं आणि फुगतं. भिजत घातलेला हरभरा कसा फुगतो, तसं. बाहेर कापडाचं वेष्टण असल्याने नळी बाहेर फुगू शकत नाही, मग फुगणार कुठे? आत. म्हणून तुम्हाला बाहेरून काही दिसलं नाही. सहा महिन्यांत भोक बुजलं. त्या मेकॅनिकला दोष देऊ नका, त्याच्याकडे जे होतं त्याने तुम्हाला घरी पोचवलं. तो रात्रीपुरता इलाज होता.

इंधनाला नायट्राइल रबराची नळी लागते. दुकानात "फ्यूल होज" मागा आणि अंगावर "एसएई जे ३०" (SAE J30, हे इंधनाच्या नळीचं मानक) असं छापलेलं आहे का ते स्वतः वाचा. छापलेलं नसेल तर दुकानदार काही म्हणो, घेऊ नका. पारदर्शक प्लास्टिकची पाण्याची नळी तर चुकूनही नको, ती डिझेलने कडक होऊन तडकते. जाड नळीही याच वेळी तपासा, वळणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून.

बसवताना नळी टाकीपासून तोंडापर्यंत चढत गेली पाहिजे, मध्ये कुठे पोट सुटता कामा नये. पोट सुटलं की डिझेल साचणार आणि नवी नळीही जुन्यासारखीच वागणार. मध्ये एक-दोन ठिकाणी चेसिसला बांधून घ्या, पण क्लिप इतकी आवळू नका की नळी चपटी होईल.

लाल माती (रविवार, रात्री ८.००)

काका, पेट्रोलमध्ये आता इथेनॉल २० टक्के असतं. जुन्या गाड्यांच्या नळ्यांना तेही बाधतं ना?

लेथवाले काका (रविवार, रात्री ८.४५)

हो ताई, जुन्या प्रकारच्या काही रबरांना इथेनॉल मानवत नाही, ती कडक होतात किंवा फुगतात. तुमची गाडी २०२३च्या आधीची असेल तर सर्व्हिसिंगला गेल्यावर इंधनाच्या सगळ्या नळ्या हाताने दाबून बघायला सांगा. नुसतं बघून भागत नाही.

सह्यवाट (गुरुवार, रात्री ९.३०)

नवी नळी द्वारकेजवळच्या दुकानातून घेतली. जुन्या मूळ नळीचा उरलेला तुकडा सोबत नेला होता, भोक मोजूनच घेतली. पहिल्या दुकानात छाप नसलेली दिली, परत केली. दुसऱ्या दुकानात मिळाली. जाड नळी ठीक आहे, पण तिच्या दोन्ही क्लिपा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. ब्रीदर आता टाकीपासून वर सरळ चढत जातो आणि बांबूचा खुंट पुन्हा पोचू नये म्हणून चिखलाच्या प्लास्टिकच्या मागून नेला आहे.

आज संध्याकाळी त्याच पाथर्डी फाट्याच्या पंपावर गेलो. तोच मुलगा होता. मला बघून त्याने आधीच लिव्हर अर्धं धरलं. म्हटलं, पूर्ण दाब. मीटरवर नजर ठेवून दोघंही उभे. दहा गेले, वीस गेले, तीस गेले. ४१ लिटरला एकदाच कट झालं आणि तोंडापर्यंत फेस आला, तो बसल्यावर डिझेल पाइपात दिसलं. भरली. तो मुलगा म्हणाला, "काका, काय केलं?" त्याला नळीचा कापलेला तुकडा दाखवला, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. त्याने तो हातात घेऊन बराच वेळ दाबून बघितला.

फेब्रुवारीत हरसूलला जाणार आहे. त्या मेकॅनिकसाठी अर्ध्या इंचाची फ्यूल होज तीन मीटर घेऊन ठेवली आहे, क्लिपांसकट.

नवा चालक (शुक्रवार, सकाळी ११.१०)

धागा पूर्ण वाचला. माझं उलट आहे. भरताना काहीच त्रास नाही, पण तासभर चालवल्यावर झाकण उघडलं की जोरात सुस्स आवाज येतो आणि लांबच्या चढावर गाडी दम सोडते. झाकण सैल ठेवलं की बरी चालते. हाही ब्रीदरच का?

पाना बारा-तेरा (शुक्रवार, दुपारी १२.००)

नाही, हा दुसरा रस्ता. भरतानाचा ब्रीदर हवा बाहेर सोडतो. चालताना मात्र डिझेल संपत जातं तशी बाहेरची हवा आत यायला हवी. ते काम झाकणातला छोटा वाल्व्ह करतो किंवा टाकीवरून निघालेली दुसरी, पेन्सिलएवढी नळी. ती बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते, गाडीतल्या पंपाला डिझेल ओढणं जड जातं आणि चढावर दम जातो. पत्र्याची टाकी तर आत चेपूही शकते. भरताना झाकण उघडंच असतं, म्हणून तेव्हा तुम्हाला काही जाणवत नाही.

झाकण सैल ठेवून चालवू नका. आधी झाकण बदलून पाहा. फरक नाही पडला तर ती बारीक नळी शोधा आणि तिचं मोकळं टोक बघा. गाडी बरेच दिवस उभी होती का?

नवा चालक (शुक्रवार, संध्याकाळी ५.५०)

हो, दिवाळीनंतर महिनाभर शेडमध्ये होती. आत्ता खाली जाऊन पाहिलं. नळीच्या टोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलंय. तारेने काढू का?

पाना बारा-तेरा (शुक्रवार, संध्याकाळी ६.०५)

तार आत ढकलू नका, माती टाकीत जाईल. नळी टाकीकडून सोडवा, तिकडून हवा मारा म्हणजे माती बाहेरच्या टोकाने पडेल. मग टोक खाली वळवून बांधा आणि त्यावर बारीक जाळीची टोपी लावा.